बंदीवर ठेवलेला प्रिंटर

दिवाळे गावात मला अर्जवाले काका म्हणतात, आणि त्यात चुकीचं काही नाही. फुटपाथ उखडला, रस्त्यावरचा दिवा गेला, झाड तारांवर वाकलं, की माझा अर्ज गेलाच म्हणून समजा. मूळचा मी वाईकडचा. वाशीच्या घाऊक बाजारात बत्तीस वर्षं वजनकाट्यावर काढली आणि निवृत्त होऊन दिवाळ्याला लागूनच बेलापूरला राहायला आलो. काट्यावर बसणाऱ्याला एक खोड लागते. त्याचा माणसांवर विश्वास बसत नाही, फक्त काट्यावर बसतो. माझी ही खोड मोडली ती मालतीबाईंनी, आणि तीही एका प्रिंटरच्या निमित्ताने.

मालतीबाई दिवाळ्याच्या कोळीण. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन त्यांनी तीस वर्षं बेलापूरचे जिने चढले-उतरले. पुढे गुडघ्यांनी संप केला. त्याच सुमारास त्यांच्या मुलाला, केतनला, कंपनीत नोकरी लागली आणि तो बायकोसह करंजाडेच्या फ्लॅटवर राहायला गेला. घराच्या पुढच्या खोलीत त्याने प्रिंट-झेरॉक्सचं दुकान थाटलं होतं. ते तसंच मागे राहिलं: एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक जुनाट रंगीत प्रिंटर. सगळ्यांना वाटलं, आता हे भंगारात जाणार. एके दिवशी मी अर्ज छापायला गेलो, तर टेबलामागे मालतीबाई. नाकात नथ, डोळ्यांवर चष्मा, आणि उजव्या हाताचं एकच बोट कळफलकावर माशी मारायला टपल्यासारखं.

"कागद किती काडायचं, अर्जवाले काका?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, दोन. त्यांनी तीन काढले. तिसरा वर. मासळीचा धंदा केलेल्या बाईला वर काही घातल्याशिवाय चैन पडत नाही.

आमचं पहिलं भांडण मार्च महिन्यात झालं. माझा अर्ज छापता छापता स्क्रीनवर सूचना आली की रंगीत शाई संपत आली आहे. मी लगेच म्हणालो, "बदला ते कार्ट्रिज. मशीन सांगतंय."

मालतीबाईंनी प्रिंटरचं झाकण उघडलं, काडेपेटीपेक्षा जरा मोठा तो डबा काढला, तळहातावर ठेवला आणि डोळे अर्धवट मिटले. सरंगा मासा विकत घेताना करतात तसं हात दोनदा वरखाली केला. "हाय अजून. पंधरा-वीस पानं तरी निंगतील."

बत्तीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे भटजीला सत्यनारायण शिकवणं. मी तडक घरी गेलो आणि सुनेचा केक करायचा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आलो. दुकानात एक रिकामा, वापरून फेकायला ठेवलेला डबा होता. तो आणि हा, दोन्ही ठेवून बघितले. हा डबा रिकाम्याहून चांगला दीड ग्रॅम जड भरला. त्यानंतर त्यातून अठरा पानं निघाली. मी मोजत बसलो होतो, कारण मला दुसरा उद्योग नाही.

माझी जिरली, पण हे झालं कसं, ते कळेना. म्हणून प्रिंटरबरोबर आलेलं माहितीपत्रक काढलं आणि चष्मा पुसून वाचलं. तेव्हा उमगलं की हे मशीन डब्यात डोकावून बघतच नाही. आपण आतापर्यंत शाईचे किती थेंब उडवले, याचा ते हिशेब ठेवतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. घरात तुरीचा डबा न उघडताच 'महिना झाला, म्हणजे डाळ संपली असणार' असं म्हणणारी माणसं असतात ना, त्यातला प्रकार. सूचना आली की नवा डबा आणून ठेवावा हे खरं, पण लगेच जुना फेकायचा नसतो.

"मग बदलायचा कदी?" मी विचारलं. तोवर माझ्याही तोंडात तिथली भाषा बसायला लागली होती.

"कागद बोलंल तवा," मालतीबाई म्हणाल्या. "पांढऱ्या रेघा पडल्या, नायतर रंग फिका पडला, तर मशीनला एकदा साफ करायला सांगायचं. दोनदा सांगायचं. तिसऱ्यांदा नाय, कारन साफ करताना ते सोताच शाई पितं. दोनदा करून पन रेघ गेली नाय, की डबा बदलायचा."

मग त्यांनी तो रिकामा रंगीत डबा विळीवर धरला आणि पापलेट चिरावं तसा मधोमध चिरला. आत स्पंजचे तीन तुकडे निघाले, माशाच्या पोटातल्या गाभोळीसारखे शेजारी-शेजारी बसलेले: एक निळा, एक गुलाबी, एक पिवळा. शाई त्या स्पंजात मुरलेली असते आणि खालच्या बाजूला केसाहून बारीक छिद्रं असतात. प्रत्येक छिद्रामागे एवढीशी शेगडी. ती क्षणभर तापते, शाईला बुडबुडा येतो आणि तो बुडबुडा एक थेंब कागदावर ढकलतो. असे हजारो थेंब उडतात तेव्हा कुठे माझ्या अर्जावर उखडलेल्या फुटपाथचा रंगीत फोटो उमटतो. मी हे सगळं वाचून दाखवलं. मालतीबाई एवढंच म्हणाल्या, "म्हंजे खेकडा बुडबुडं सोडतो तसंच की."

तीन महिन्यांत त्या दुकान असं चालवायला लागल्या की गावातली पोरं शाळेचे प्रोजेक्ट घेऊन सेक्टरमधल्या मोठ्या दुकानाऐवजी त्यांच्याकडे यायला लागली. आणि मग जून उजाडला.

जून-जुलै म्हणजे मासेमारीची बंदी. मालतीबाईंचे यजमान धर्मराज हा अबोल गृहस्थ. दिवसाला दहा वाक्यं बोलला तर तो सण. होडी किनाऱ्यावर ओढायची, तिला तेल पाजायचं, इंजिनाचा प्लग काढून, पुसून, सुती कापडात गुंडाळून पेटीत ठेवायचा, इंजिनावर ताडपत्री बांधायची, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. त्या घरात बंदीच्या दिवसांत कुठलंच हत्यार चालत नाही. विळी, तराजू, पाटी सगळं धुऊन, हळद-कुंकू लावून ठेवून देतात आणि मालतीबाई उरणला माहेरी जातात. जे माणसाला पोसतं त्याला वर्षातून एकदा विसावा द्यायचा, असा तो साधा न्याय.

या वर्षी घरात एक हत्यार वाढलं होतं. मालतीबाई माहेरी निघाल्या, आणि धर्मराजांनी प्रिंटरलाही विसावा दिला. त्यांनी दोन्ही कार्ट्रिजं काढली, काळं आणि रंगीत. नीट पुसली. मालतीबाईंच्या जुन्या सुती लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळली, पेटीत ठेवली आणि प्रिंटरवर निळी ताडपत्री सुंभाने करकचून बांधली. इतक्या मायेने कुणी प्रिंटरचा खून केला नसेल.

मी अर्ज घेऊन गेलो तेव्हा ती ताडपत्री बघितली. विचारलं, तर धर्मराज म्हणाले, "बंदी हाय." दोन शब्दांत विषय संपला. मला तेव्हाही काही सुचलं नाही. अर्ज घेऊन मी मुकाट दुसऱ्या दुकानात गेलो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मालतीबाई परतल्या आणि दोन गोष्टी एकाच दिवशी त्यांच्या पुढ्यात आल्या. पहिली, मासळी मार्केटच्या ओट्यांची नव्याने वाटणी होणार होती. ओट्यावर रोज बसून मासळी विकायला तयार असलेल्या बायकांनी रंगीत फोटो असलेला फॉर्म शुक्रवारी पाचच्या आत पालिकेच्या कार्यालयात द्यायचा होता. गावातल्या एक्केचाळीस बायकांनी ठरवून टाकलं की फॉर्म मालतीकडेच काढायचा. बेचाळिसावा फॉर्म मालतीबाईंचा स्वतःचा. डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या बाईला बसायला स्वतःचा ओटा, ही तिच्या जन्माची इच्छा असते. मालतीबाईंचीही होती.

दुसरी गोष्ट केतनचा फोन. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला.

"आई, दोन महिने दुकान बंदच होतं ना? म्हणजे तुला ते झेपत नाहीये. एक मोबाईलवाला भाड्याने घ्यायला तयार आहे. तुला ओटा मिळेलच, मग दुकानाचं टेन्शन कशाला? शुक्रवारी चारला मी त्याला घेऊन येतो. ॲग्रीमेंट पेन ड्राइव्हवर आहे, आपल्याच दुकानात प्रिंट काढू."

पोरगा वाईट नाही. आईच्या गुडघ्यांची काळजी त्याला आहे. पण आईचं दुकान बंद करायचा कागद आईच्याच प्रिंटरवर छापायचा, हे त्याला सहज सुचलं, याचा मला राग आला. अजून येतो.

मालतीबाई म्हणाल्या, "ये शुक्रवारी. फॉर्म झालं आनि दुकान चालतंय असं तुला दिसलं, तर काय करशील?"

"तर बघू," केतन म्हणाला.

फोन ठेवून मालतीबाईंनी पेटी उघडली, लुगड्याचा तुकडा सोडला आणि खाली बसल्या. कापडावर निळ्या, गुलाबी, पिवळ्या रंगांचं मोठं फूल उमटलं होतं. सुती कापडाने दोन महिने शाई ओढून घेतली होती, आणि जी उरली ती छिद्रांत वाळून दगड झाली होती. प्रिंटरमध्ये डबा असला की काम संपल्यावर मशीन त्याचं तोंड रबराच्या टोपीने झाकून ठेवतं. उघडा राहिला की सुकतो. होडीला विसावा लागतो. प्रिंटरला विसावाच मारतो. हे ना धर्मराजांना ठाऊक, ना मला, आणि मी तर माहितीपत्रक वाचलेला विद्वान.

धर्मराज दारात उभे होते. त्यांनी कापडाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. मालतीबाई त्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर बोललो असतो.

नव्या कार्ट्रिजसाठी वाशीच्या दुकानात फोन केला. जुनं मॉडेल आहे, मागवावं लागेल, सोमवारी मिळेल. त्या दिवशी बुधवार होता.

"सुका बोंबील भिजवल्याबिगर शिजतो का?" मालतीबाई उठत म्हणाल्या. त्यांनी ताटलीत बोटभर कोमट पाणी घेतलं आणि त्यात डब्याचं फक्त तोंड टेकवलं. डब्यावरच्या तांब्याच्या पट्ट्या ओल्या होऊ दिल्या नाहीत, ते मी माहितीपत्रकातून ओरडून सांगत होतो. तीन मिनिटांनी काढून कोरड्या टिश्यूवर दाबला. काही नाही. पुन्हा भिजवला, पुन्हा दाबला. काळा लवकर वठणीवर आला. रंगीताने संध्याकाळपर्यंत निळी रेघ दिली, मग पिवळी. गुलाबी रुसून बसली. तो डबा त्यांनी ओलसर टिश्यूवर टेकवून जेवणाच्या डब्यात झाकून ठेवला आणि गुरुवारी सकाळी पुन्हा दाबला, तेव्हा टिश्यूवर तिन्ही पट्टे शेजारी-शेजारी उमटले. मी टाळ्या वाजवल्या. वयाला शोभणारं नव्हतं, पण वाजवल्या.

मालतीबाईंनी डबा हातावर तोलला. "अर्दा पन नाय," म्हणाल्या.

गुरुवार बायकांचे फोटो काढण्यात आणि नावं टाईप करण्यात गेला. शुक्रवारी सकाळी छपाई सुरू झाली. मालतीबाईंनी काटकसरीची एक युक्ती केली. फॉर्मच्या माथ्यावरची रंगीत पट्टी काळी करून टाकली, म्हणजे रंग फक्त फोटोला लागेल. स्वतःचा फॉर्म त्यांनी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. "वाढनारीनं मागून जेवायचं," म्हणाल्या.

नवव्या फॉर्मला स्क्रीनवर सूचना आली. बायका घाबरल्या. मालतीबाईंनी ती बंद केली आणि दहावा काढला. दुपारपर्यंत पंचवीस झाले, तीनला पस्तीस. प्रत्येक बाई आपला फॉर्म उजेडात धरून बघत होती आणि शेजारणीचा फोटो जास्त चांगला आल्याची तक्रार करत होती. धर्मराज कुणी न सांगता कागद सरळ करून मशीनमध्ये घालत होते.

एकोणचाळिसाव्या फॉर्मवर पहिली पांढरी रेघ पडली. मालतीबाईंनी डबा काढला, टिश्यूवर हलकेच दाबला आणि तळहातावर घेतला. या वेळी डोळे पूर्ण मिटले.

"किती?" मी विचारलं.

"हा परत काडला, की मंग दोन."

मी गठ्ठा बघितला. हा सोडून तीन उरले होते. एक शेजारच्या मोनालीचा, एक तिच्या सासूचा, आणि तळाशी मालतीबाईंचा. मी वाकून हळूच म्हणालो, "मालतीबाई, तुमचा आधी काढा. या दोघींपैकी एकीचं बघू काहीतरी." त्यांनी माझ्याकडे तशीच नजर टाकली, जशी बाजारात खोटं वजन पकडल्यावर मी व्यापाऱ्याकडे टाकत असे.

एकोणचाळिसावा पुन्हा निघाला, स्वच्छ. मोनालीचा निघाला. तिच्या सासूचा निघाला, नथीतल्या मोत्यासकट. मग मालतीबाईंचा आला, आणि खोलीत हसू पसरलं. गुलाबी संपला होता. उरलेल्या निळ्या-पिवळ्यात मालतीबाईंचा चेहरा कच्च्या कैरीसारखा हिरवागार आला होता. ओठ हिरवे, कपाळ हिरवं, कुंकूही हिरवं. सगळ्यात मोठ्याने त्या स्वतः हसल्या.

चार वाजले होते. केतन दारात उभा होता, बरोबर मोबाईलवाला. दोघांना आत यायला जागा नव्हती, कारण आत एक्केचाळीस बायका होत्या.

मी घड्याळ बघितलं. "अजून तास आहे. फाईल मोबाईलवर घ्या, रस्त्यापलीकडे सेक्टरमध्ये दुकान आहे. पाच मिनिटांत तुमचा फॉर्म रंगीत काढून आणतो."

"नको," मालतीबाई म्हणाल्या.

"नको म्हणजे काय? ओटा जाईल."

"जाऊ दे." त्यांनी हिरवा फॉर्म टेबलावर ठेवला आणि मुलाकडे बघितलं. "तीस वरसं मी लोकांच्या दारात गेले, केतन. चौथ्या माल्यावर जायाचं आनि भाव ऐकून बाई दार लावनार. आता लोक माझ्या दारात येतात. मना ओटा नको. माझा ओटा ह्यो हाय." आणि टेबलावर थाप मारली. प्रिंटर हलला.

केतनने हातातला पेन ड्राइव्ह खाली केला. मोबाईलवाल्याने मात्र आपला व्यवहार सोडला नाही. त्याने केतनच्या हातातला पेन ड्राइव्ह पुढे केला. "मावशी, ॲग्रीमेंट काळ्यातच आहे. काळी शाई तर असेल ना?"

"हाय की," मालतीबाई म्हणाल्या. "पन ह्या कागदाला बंदी हाय."

हे ऐकून जे हसले ते धर्मराज. चाळीस वर्षांच्या संसारात ते मोठ्याने हसलेले कुणाला आठवत नाहीत, असं मागाहून मला मोनालीच्या सासूने सांगितलं. केतनने बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं, टेबलावरच्या हिरव्या चेहऱ्याकडे बघितलं. मग पेन ड्राइव्ह परत घेऊन खिशात घातला, एक्केचाळीस फॉर्मांचा गठ्ठा उचलला, मोबाईलवाल्याला "सॉरी, बॉस" म्हणाला आणि पाचच्या आत पोचायचं म्हणून स्कूटरला किक मारली. सोमवारी वाशीहून नवं कार्ट्रिज तोच घेऊन आला. बसवताना डब्याच्या तोंडावरची चिकटपट्टी काढायला विसरला, आणि ती आईने काढली.

आता धर्मराज दर मंगळवारी सकाळी, होडीवर जायच्या आधी, प्रिंटर सुरू करून एक रंगीत पान काढतात. केतनने त्यांना त्यासाठी एक चित्र करून दिलंय: निळी होडी, पिवळा सूर्य, गुलाबी कोळंबी. तिन्ही रंग आठवड्याला एकदा वाहिले की छिद्रं सुकत नाहीत. बंदीतही हे चुकत नाही. या जूनमध्ये मालतीबाई माहेरी गेल्या तेव्हा होडीवर ताडपत्री होती, प्रिंटरवर साधा टॉवेल होता आणि धर्मराज मंगळवारी पान काढून उजेडात धरून बघत होते. मी विचारलं तर म्हणाले, "तिनी सांगितलंय."

दुकानाच्या भिंतीवर मात्र मालतीबाईंनी तो हिरवा फॉर्म चिकटवून ठेवलाय. खाली त्यांच्या एकबोटी टायपिंगमध्ये लिहिलंय, 'फोटो असा आला की समजायचे एक रंग संपला. डबा बदला.' नवं गिऱ्हाईक हसून विचारतं, ही हिरवी बाई कोण. मालतीबाई सांगतात, "ती होय? तिला ओटा पायजे होता." आणि पुढचा कागद मशीनमध्ये घालतात.